एकदाच विचारा

छत्रपती संभाजीनगरच्या एका दीक्षान्त समारंभात प्रमुख पाहुण्या असलेल्या बाईंनी अभिनंदन एका वाक्यात उरकलं. समोर समाजकार्य आणि नर्सिंगची पदवी घेतलेली मुलं-मुली होती. बाईंनी सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून उभी हयात काढलेली. त्या थेट किल्लारीच्या भूकंपावर आल्या.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. रात्री गणपती बुडवून झोपलेली माणसं दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. सुमारे 10 हजार जीव गेले. नोकरीत नव्या असलेल्या बाई मदत छावणीत होत्या. तलाठी येई, डॉक्टर येई, पत्रकार येई, संस्थावाले येत. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ‘घरातली किती गेली?’ एक म्हातारी पुढं पुढं बोलेचना. कुणी वही उघडली की नुसती चार बोटं दाखवी.

मग आठवणी कॅज्युअल्टीकडे वळल्या. औषध पिऊन आलेल्या शेतकऱ्याच्या नाकात नळी घालता घालता ‘बायका-पोरांचा विचार केला नाहीस का?’ असं भर वॉर्डात झापणारे लोक त्यांनी पाहिले. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतो, त्याच्या उपचाराची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो. दटावणी मात्र अजून ऐकू येते, हे सांगताना बाईंचा आवाज चढला.

स्वतःच्या खात्याविषयीही त्या बोलल्या, आणि बराच वेळ. समाजसेवा अधीक्षक म्हणजे योजनेचे फॉर्म भरणारी व्यक्ती, अशी समजूत. राउंडला गेलं की, ‘मॅडम, तुमचं इथं काय काम?’ रडणाऱ्या बाईशी बोलायला खोली मागितली, तर जिन्याखालची जागा मिळाली. अत्याचार सोसून आलेली मुलगी तेच सगळं पोलिसांना, अपघात विभागात, स्त्रीरोग विभागात आणि पुढं कोर्टात सांगत राही.

बदल झाला नाही असं नाही. बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं 2000 च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. घरी मार खाणाऱ्या बाईला दवाखान्यातच समुपदेशन मिळू लागलं. 2014 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लैंगिक अत्याचार सोसून आलेल्यांच्या तपासणीच्या प्रत्येक टप्प्यावर संमती घ्यायला सांगितलं. पोलिसांत तक्रार नसली तरी उपचार द्यायचेच. अशा मुलींची केली जाणारी दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्येच चुकीची ठरवली होती. तरी 2022 मध्ये, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. नऊ वर्षं गेली, याची चीड बाईंनी लपवली नाही.

त्यानंतर भाषण लिहून आणलेल्या कागदाकडे वळलंच नाही. एकच गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. हात लावण्याआधी विचारा. आधीच्या माणसानं लिहिलेला केस पेपर वाचा, म्हणजे तेच पुन्हा विचारावं लागणार नाही. आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात वरिष्ठांकडे लेखी मागणी करा: अपघात विभागाला लागून एक खोली, तिला दार आणि आतून कडी. नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज द्या.