येरवड्याची भिंत आणि कोर्टाची मुदत
(कैद्यांच्या आप्तेष्टांपुढे येरवडा येथे केलेले भाषण)



येरवड्याच्या तुरुंगाची भिंत तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तिने माणूस अडतो, भेट अडते, पत्र अडते. कोर्टाची मुदत मात्र अडत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने दावा आणण्यास वयात न आलेल्या पोरास व वेड्यास सवलत दिली, कैद्यास दिली नाही. सावकाराच्या व्याजाप्रमाणे हे दिवस रात्रीही चालतात.

ह्याच तुरुंगातले एक प्रकरण ऐका. होसकोट नांवाच्या, विद्यापीठात शिकविणाऱ्या गृहस्थास बनावट पदव्यांच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने १९७३ साली तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. सुप्रीम कोर्टाकडे जाण्यास त्यांस चार वर्षांहून अधिक उशीर झाला. कारण काय? हायकोर्टाने निकालाची फुकट प्रत येरवड्याच्या सुपरिंटेंडेंटकडे धाडली होती. तुरुंगवाले म्हणाले, प्रत दिली, पण दयेच्या अर्जास जोडण्यासाठी परत घेतली. कैदी म्हणाला, मला मिळालीच नाही. आणि पोच म्हणून त्याची सही कोठेच सांपडेना! एवढ्या शिकलेल्या माणसाची ही गत, तर आमच्या नांगरधाऱ्याची व चांभार-सुताराची काय होत असेल?

१७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने त्यांचा अर्ज फेटाळला गेला. शिक्षेत ढवळाढवळ करण्याजोगे कोर्टास कांही दिसले नाही. परंतु त्याच निकालात बजावले आहे की, कैदेची शिक्षा देणाऱ्या कोर्टाने निकालाची प्रत त्वरित व फुकट द्यावी, तुरुंगाने ती कैद्याच्या हाती देऊन लेखी पोच घ्यावी, अपिलाची सर्व सोय करावी, आणि ज्यास वकील करण्याची ऐपत नाही त्यास सरकारी खर्चाने वकील द्यावा. हरलेल्या माणसाने मागच्यांसाठी एवढे मिळवून ठेवले.

आता दिवसांचा हिशेब. फाशीची गोष्ट निराळी. इतर शिक्षेवर हायकोर्टात अपील ६० दिवसांत, अन्य कोर्टात ३० दिवसांत. नक्कल मिळविण्यास लागलेले दिवस ह्यातून वजा होतात. आतला माणूस आपले अपील तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हाती देऊ शकतो. पुढे कोर्टाकडे पाठविणे त्या अधिकाऱ्याचे काम. वकिलासाठी १९८७ च्या कायद्याने कैदेत असणे एवढेच पुरे आहे, उत्पन्नाचा दाखला कोणी मागू नये.

मात्र हक्कासाठी दिवाणी दावा करावयाचा असेल तर फार जपावे लागते. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा कैद संपल्यापासून एका वर्षात आणावा लागतो. दावा सरकारावर असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ते दोन महिने वर्षात धरीत नाहीत. अपिलास उशीर झाला तर सबळ कारण दाखविल्यास कोर्ट माफी देऊ शकते. दाव्यास ती माफीही नाही. येथेच आमचे लोक बुडतात. कुळकर्ण्याच्या दप्तरापुढे पिढ्यान्‌पिढ्या अंगठा उठविला. वर तारीख काय घातली हे पाहण्यास आम्हांस कोणी शिकविलेच नाही.

तेव्हा पुढच्या मुलाखतीस जाल, तेव्हा शिध्याची व गुराढोरांची हकीकत सांगून झाली की विचारा: निकालाची प्रत हाती आली काय, कोणत्या दिवशी, आणि सही करतांना शेजारी तारीख घातलीस काय? लग्नाचा मुहूर्त पाहण्यास घरात पंचांग असतेच. त्याच्या कडेला तो दिवस पोरीकडून लिहवून घ्या.