कॅमेऱ्याचा पहारा आणि बॅटरीची शिल्लक

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी सोसायटीचा इतिहास सांगितला, वहिनींनी भोंडल्याच्या आणि कोजागरीच्या आठवणी सांगितल्या. त्यामानाने माझ्या वाट्याला आलेला विषय रुक्ष आहे. गाडीची बॅटरी. पण गेल्या वर्षभरात सकाळी बॉनेट उघडून हताशपणे उभे असलेले सभासद मी आपल्या पार्किंगमध्ये इतक्या वेळा पाहिले की समितीने विचारल्यावर लगेच हो म्हणालो. मी इंजिनिअर नाही. सगळी नोकरी बँकेत झाली. तेव्हा जे सांगेन ते जमाखर्चाच्या भाषेत सांगेन. बॅटरीचा कारभारही तसाच असतो, जमा आणि नावे.

आपण इथे राहायला आलो तेव्हा स्टिल्टखाली चारचाकी मोजक्या होत्या, बाकी सगळ्या स्कूटरी. सकाळी चेतक जरा तिरकी करायची, किक मारायची आणि निघायचं. एखाद्याची मारुती ८०० बसलीच तर चारजण मागून धक्का मारायचे आणि गेटपर्यंत जाईतो ती सुरू व्हायची. आता ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. बटण-स्टार्टवाल्या गाडीची बॅटरी पार उतरली तर रिमोटने दारही उघडत नाही. त्या रिमोटच्या पोटात एक साधी किल्ली लपवलेली असते, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा, फार नाहीत. घरी गेल्यावर शोधून ठेवा.

आता कॅमेऱ्याकडे येतो. काचेला आतून लावलेला तो छोटा कॅमेरा, ज्याला सगळे डॅश कॅम म्हणतात, तो आपल्याकडे का वाढला हे तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यावर कुणी ठोकलं तर चूक कुणाची यावर वाद नको, हे एक. दुसरं म्हणजे बी विंगखाली लागोपाठ तीन गाड्यांवर ओरखडे निघाले ते प्रकरण. त्यानंतर ज्याने त्याने 'पार्किंग मोड' सुरू करून घेतला. म्हणजे गाडी बंद, मालक घरी झोपलेला आणि कॅमेरा रात्रभर जागा. काहींना मुलांनी बंगळुरूहून, अमेरिकेहून प्रेमाने कॅमेरे पाठवले आणि कोपऱ्यावरच्या ॲक्सेसरीवाल्याने ते जोडून दिले. कॅमेरा वाईट नाही. माझ्याही गाडीत आहे. प्रश्न एवढाच की हा पहारेकरी पगार कुठून घेतो?

तो घेतो त्याच बॅटरीतून, जिने सकाळी गाडी सुरू करायची असते.

आकडे सांगतो. लहान पेट्रोल गाडीच्या बॅटरीवर ३५ एएच असं लिहिलेलं असतं. मोठ्या किंवा डिझेल गाडीला ४५, ६०, ६५. एएच म्हणजे अँपिअर-अवर. एक अँपिअरचा प्रवाह एक तास काढला की खात्यातून एक एएच कमी झाला. कॅमेरा रेकॉर्डिंग करताना साधारण ३ ते ५ वॅट वीज घेतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून अंदाजे पाव ते ०.४ अँपिअर. पुढे-मागे दोन कॅमेरे असतील तर थोडी जास्तच. आपण ०.३ धरू. चोवीस तासांचे ७.२ एएच झाले. त्याशिवाय गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर आपापलं थोडंथोडं खात असतात, आपल्या खात्यातून एसएमएस चार्जेस कापले जातात तसं. सगळं मिळून दिवसाला आठ एएच समजा. शुक्रवारी रात्री आठला गाडी लावली आणि सोमवारी सकाळी आठला बाहेर काढली तर वीस एएच गेले. बॅटरी नवी कोरी आणि पूर्ण भरलेली असेल तर पंधरा उरतील आणि गाडी बहुधा सुरू होईल. पण आपल्या उन्हाळ्यात बॅटरी तीन-चार वर्षंच नीट टिकते आणि जुनी होत जाते तशी ३५ची ३५ राहत नाही. तिच्यात पंचवीसच मावत असतील तर सोमवारी 'टक-टक' एवढाच आवाज येणार.

इथे एक गंमत आहे. स्टार्टर मोटर शंभर-दीडशे अँपिअर खेचते खरी, पण सेकंद-दोन सेकंदच. हिशेब केला तर एका वेळेला एएचचा दहावा हिस्साही खर्च होत नाही. आपला कॅमेरा एका रात्रीत जे खातो, त्यात गाडी तीसेक वेळा सुरू झाली असती. मग थोडी शिल्लक असूनही गाडी का सुरू होत नाही? तर आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे. टाकीत वीतभर पाणी असलं तरी सातव्या मजल्यावरच्या शॉवरला नुसती धार येते. पाणी आहे, जोर नाही. स्टार्टरला तो जोर एकदम लागतो.

आणि गाडीची ही बॅटरी इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी नसते. एकदम जोर लावायचा आणि लगेच भरून घ्यायचं, यासाठी ती बनवलेली आहे. ती वरचेवर तळापर्यंत उतरली आणि तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो पुन्हा नीट सुटत नाही. म्हणजे उतरलेली बॅटरी चार्ज करून आणली तरी पूर्वीची राहिली नाही असं समजा.

आता एक घटना सांगतो, ज्यांच्या घरची आहे त्यांना विचारून. सी विंगमधल्या एका वहिनींना थंडीच्या दिवसांत रात्री पावणेतीनला छातीत दुखायला लागलं. घरात दोघंच, मुलगा परदेशी. काका वयाने अठ्ठ्याहत्तर, पण गाडी उत्तम चालवतात आणि 'रात्री-अपरात्री उपयोगी पडेल' म्हणून त्यांनी ती मुद्दाम ठेवली आहे. लिफ्टने खाली आले, वहिनींना बसवलं, बटण दाबलं आणि गाडी मुकी. गाडी सहा दिवस जागची हलली नव्हती. कॅमेरा मात्र सहाही दिवस जागा होता आणि शेवटच्या रात्री तोही बंद पडला असणार. वॉचमनने १०८ला फोन लावला, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ स्वतःची गाडी घेऊन आले आणि पंधरा-वीस मिनिटांत दवाखाना गाठला. वहिनी आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, हसतायत. पण त्या रात्री पार्किंगमधली दहा मिनिटं काकांनी कशी काढली, ते मी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी वायरी तपासल्या. पार्किंग मोडसाठी जी किट येते तिला तीन वायरी असतात. एक कायम चालू असलेल्या फ्यूजला, दुसरी किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजला, तिसरी बॉडीला अर्थ. दुसऱ्या वायरीवरून कॅमेऱ्याला कळतं की गाडी आता बंद झाली. बसवणाऱ्याने घाईत दोन्ही वायरी कायम चालू असलेल्या जागीच जोडल्या होत्या. म्हणजे कॅमेऱ्याच्या मते गाडी सहा दिवस रस्त्यावर धावत होती! शिवाय किटमध्ये व्होल्टेज खाली आल्यावर कॅमेरा तोडणारी सोय असते, ती यात नव्हतीच. अशा किटच्या किमतीत फरक थोडाच असतो, पण गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही.

ही तोडणारी सोय म्हणजे आमच्या भाषेत किमान शिल्लक. बॅटरी काही तास शांत राहिल्यावर १२.६ किंवा वर दाखवत असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे खातं जवळजवळ रिकामं. किटवर किंवा कॅमेऱ्याच्या मेनूत हा आकडा निवडता येतो. बऱ्याच ठिकाणी ११.८ हाही पर्याय असतो. तो घेऊ नका. पहारेकऱ्याला शेवटच्या रुपयापर्यंत पगार द्या, असं सांगण्यासारखं आहे ते. १२.२ ठेवा, बॅटरी दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर १२.४. सोबत तासांची मर्यादा असेल तर सहा किंवा बारा तास घाला. कॅमेरा लवकर झोपेल, झोपू द्या.

ज्यांचा कॅमेरा नुसता सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावलेला आहे, त्यांनी एवढंच पाहायचं: गाडी बंद करून, लॉक करून अर्ध्या तासाने कॅमेऱ्याचा दिवा लागलेला आहे का? बहुतेक गाड्यांत किल्लीबरोबर सॉकेटही बंद होतं, त्यांना काही चिंता नाही. काही गाड्यांत ते चालूच राहतं. तिथे उतरताना प्लग उपसायचा, विषय संपला.

माझं स्पष्ट मत विचाराल तर आपल्यापैकी ज्यांची गाडी आठवड्यातून एक-दोनदाच निघते, आणि यात आम्ही ज्येष्ठ मंडळी जास्त, त्यांनी सोसायटीच्या आवारात पार्किंग मोड बंदच ठेवावा. आपल्याकडे गेटवर वॉचमन आहे, स्टिल्टखाली सीसीटीव्ही आहेत. हालचाल दिसली की रेकॉर्ड करणारा कॅमेरा दूधवाला, पेपरवाला, लिफ्टकडे जाणारा प्रत्येकजण आणि आपली ती दोन मांजरं, एवढ्यांचं रात्रभर चित्रण करतो आणि मेमरी भरली की जुनं पुसून टाकतो. बी विंगच्या ओरखड्यांचा उलगडाही शेवटी सीसीटीव्हीतून झाला, आणि तो लहान मुलाच्या सायकलचा होता, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. रात्री गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागली, तेव्हा जरूर सुरू करा. नुसता धक्का बसल्यावर जागा होणारा मोड तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर तो निवडा, तो फार कमी वीज घेतो.

रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्या तरुण मंडळींचं वेगळं आहे. रोज तासभर गाडी चालली तर रात्रीचे तीन एएच सहज भरून निघतात. मंडईपर्यंत दहा मिनिटं जाऊन आलात तर निघत नाहीत. आणि रविवारी सकाळी जागेवरच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती: त्याने बॅटरी भरत नाही, फक्त पहिल्या मजल्यावर धूर जातो. त्यापेक्षा अर्धा तास सलग फेरी मारून या.

कॅमेऱ्यासाठी वेगळी बॅटरीही मिळते, गाडी चालताना भरणारी. महाग आहे, पण ज्यांना रात्रभर पहारा हवाच आहे त्यांना तोच सरळ मार्ग. घरातली मोबाइलची पॉवर बँक मात्र डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका. मे महिन्यात बंद गाडीच्या आत काय तापतं ते तुम्ही जाणता. कॅमेरा घेतानाही आत लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला घ्या, उन्हात तो जास्त टिकतो.

दोन महिने गावाला जाणाऱ्यांसाठी बॅटरीला लावून ठेवायचे छोटे ऑटोमॅटिक चार्जर येतात. पण त्याला प्लग लागतो, आणि कॉमन मीटरवरच्या प्लगवरून आपली एक वार्षिक सभा साडेअकरापर्यंत चालली होती, त्यामुळे मी त्यात पडत नाही. एवढंच सांगतो की अशी बॅटरी अर्धीअधिक उतरलेली असली तरी भरायला अर्ध्या युनिटच्या आतच वीज लागते.

भाषणानंतर बरेच प्रश्न आले. इलेक्ट्रिक गाडीवाल्या एका तरुणाने 'आम्हाला हे लागू नाही ना?' असं विचारलं. लागू आहे. मोठी बॅटरी चाकं फिरवते, पण त्या गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर तीही गाडी जागची हलत नाही.

एका भगिनींनी जंप स्टार्टचा क्रम विचारला, तो इथे लिहून देतो. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न चिकटता उभ्या. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी वायर चांगलीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेऊ शकतो. चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरी सुरू करायची. काढताना उलट क्रमाने. समितीने जाड केबलचा एक चांगला जोड विकत घेतला आहे. तो वॉचमनच्या केबिनमध्ये खुंटीवर टांगलेला आहे, रात्री कधीही मागा. व्होल्ट मोजायचा मीटर माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी साडेसात ते नऊ मी ए विंगच्या जिन्यापाशी असतो. येताना गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेवलेली असावी, म्हणजे आकडा खरा येईल.