प्रार्थनेतील रणभाषा
(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



माणूस देवापाशी काय मागतो, यावरून त्याच्या अंतःकरणाची ओळख पटते. बायबलच्या स्तोत्रसंहितेत शत्रूच्या विनाशाची याचना करणारी काही स्तोत्रे आहेत. १०९ व्या स्तोत्रात तर शत्रूची मुले पोरकी व्हावीत, पत्नी विधवा व्हावी, असे मागणे आहे. उलट येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात शत्रूवर प्रेम करण्याचा आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचा उपदेश केला. हा विरोध ख्रिस्ती धर्मचिंतकांनाही जाणवत आला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने आपल्या नित्यप्रार्थनेच्या ग्रंथातून ५८, ८३ व १०९ ही तीन स्तोत्रे वगळली, ती त्यामुळेच.

‘इफिसकरांस पत्रा’त म्हटले आहे की, श्रद्धावंताची झुंज रक्तमांसाच्या माणसांशी नसून अदृश्य दुष्ट शक्तींशी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील पीटर वॅग्नर आदी प्रचारकांनी या वचनाला भूगोलाची जोड दिली. प्रत्येक प्रदेशावर दुष्टात्म्यांची सत्ता असते. तिचा नकाशा तयार करावा आणि संघटित प्रार्थनेने ती मोडून काढावी, असे हे ‘आध्यात्मिक युद्ध’. १९८९ च्या मनिला परिषदेत लुईस बुश यांनी १० ते ४० उत्तर अक्षांशांमधील पट्टा धर्मप्रसाराचे प्रमुख क्षेत्र म्हणून पुढे ठेवला. भारताचा बहुतेक भूभाग त्यात येतो. १९९९ मध्ये दिवाळीच्या तोंडावर अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांच्या मिशन मंडळाने हिंदूंविषयी प्रार्थना-पुस्तिका काढली आणि दीपोत्सव साजरा करणाऱ्या समाजाला अंधारात चाचपडणारा ठरविले. १२ जुलै २००७ रोजी राजन झेद अमेरिकी सिनेटमध्ये प्रथमच हिंदू प्रार्थना म्हणण्यास उभे राहिले, तेव्हा प्रेक्षक-सज्जातून तिघांनी ख्रिस्ती प्रार्थनेच्याच घोषात त्यांना अडविले.

“आमचे वैर माणसाशी नाही, आमचे हिंदूंवर प्रेमच आहे,” असा या मंडळींचा खुलासा असतो. परंतु आजीने ज्या कुलदेवतेपुढे सांजवात लावली, ती देवता सैतानी आणि आजी तेवढी प्रिय, ही वाटणी कशी करावयाची? श्रद्धा ही काही अंगरख्यासारखी उतरवून ठेवण्याची वस्तू नव्हे.

हा आक्षेप केवळ हिंदूंचा नाही. १९९३ मध्ये लोझान चळवळीच्या प्रार्थनाविषयक गटाने या युद्धकल्पनेतील अतिरेकाविषयी सावध केले. वॅग्नर ज्या फुलर सेमिनरीत अध्यापक होते, तेथेच जून २००० मध्ये भरलेल्या विचारसभेने धर्मप्रसाराच्या भाषेतून लष्करी शब्द दूर करण्याचे आवाहन केले. म्हणून प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला या युद्धाचा सैनिक मानणे अन्यायाचे होईल. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाशी असलेला स्नेह अबाधित राखूनच या विचाराचा प्रतिवाद झाला पाहिजे, आणि तो अभ्यासाने व निर्भयपणे झाला पाहिजे.

आपल्या परंपरेतही अथर्ववेदाची अभिचारसूक्ते आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि महाराष्ट्राच्या घराघरांत नित्यपाठात रुळले, ते ज्ञानोबांचे पसायदान. त्यात दुर्जनांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील दुष्टपणा सरावा आणि त्यांनाही सत्कर्माची गोडी लागावी, एवढेच मागितले आहे. रणभाषेला उत्तर देताना आपल्या तोंडी तीच रणभाषा येऊ नये, ही दक्षता प्रत्येक कार्यकर्त्याने आणि प्रत्येक घराने घेतली पाहिजे.