माळाची आणेवारी

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बारामतीत सुप्याकडचा माळ आणि इंदापुरात कडबनवाडीकडचा माळ तुमच्या पायाखालचा आहे. सरकारी नकाशात असल्या माळाला पडीक म्हणतात. वन्यप्राण्यांच्या नकाशात तोच माळ चिंकाऱ्याचं घर. पावसाळ्याला कोकणातून परतणारा मेंढपाळ त्यालाच चराऊ रान म्हणतो. एका जमिनीवर तीन शिक्के! खरं कोण? तिघंही थोडेथोडे खरे.

हे ‘थोडंथोडं’ मोजायचं शास्त्र आहे. 1965 साली अमेरिकेत लोत्फी झादे यांनी ते मांडलं. नाव फझी लॉजिक. आपण धूसर तर्क म्हणू. नेहमीचं तर्कशास्त्र विचारतं, आहे की नाही? एक की शून्य? झादे म्हणाले, मधलंही मोजा. 0.3 मोजा, 0.7 मोजा.

घाबरू नका, हा हिशेब तुमच्या ओळखीचा आहे. आणेवारी! पीक आलं की बुडालं, एवढंच तिथे लिहीत नाहीत; रुपयात किती पैसे आलं ते लिहितात. इथवर ठीक. मेख पुढे आहे. पन्नास पैशांवर रेघ मारतात. एका गावाची 49 निघाली तर टंचाई, शेजारच्या गावाची 51 निघाली तर सुकाळ. बांधाच्या दोन्हीकडे पीक सारखंच करपलेलं. मोजायचं पैशापैशाने आणि तोडायचं कुऱ्हाडीने!

आता माळाची आणेवारी काढू. समजा, चिंकाऱ्यासाठी एका माळाला गवताचे गुण 0.8, पण माणसांच्या, कुत्र्यांच्या वर्दळीमुळे शांततेचे गुण 0.4. चिंकाऱ्याला दोन्ही हवं. मग धूसर तर्कात कमीत कमी तो आकडा धरतात, 0.4. दोहोंपैकी एकावर भागत असेल तर मोठा आकडा धरतात. गवत वाढलं, वर्दळ घटली, की आकडा बदलतो.

या 0.4 चा अर्थ दहा फेऱ्यांत चार वेळा चिंकारा दिसेल असा नाही. जागा किती सोयीची, एवढंच तो सांगतो. लांडगा मुळातच थोडा. तो दिसण्याची शक्यता सगळीकडे कमीच निघणार. म्हणून रिआल, बार्बोसा आणि वर्गास या संशोधकांनी 2006 साली दुर्मिळपणाचा परिणाम बाजूला काढून जागेची सोय सांगणारं सूत्र दिलं. एकाच जागेचे अनेक प्राण्यांचे असे आकडे मिळवले, की तिथली जैवविविधताही मोजता येते.

याचा शेतकऱ्याशी संबंध काय? भीमेपलीकडे पाहा. 1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. रेघेच्या आत शेतं, गावं, वस्त्या सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडले, कामं अडली. पुढे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोकही जवळजवळ दिसेनासा झाला. शेतकरी गांजला आणि पक्षीही वाचला नाही. आपल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 चं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा काही ती हद्द वाचत नाही. तो बाहेरच्या माळावर, शेतात येतो. रेघेच्या आत सगळं आणि बाहेर काहीच नाही, हा हिशेब दोन्हीकडे खोटा.

उजनीच्या काठी तर रेघ जागेवरच राहत नाही. पावसाळ्यानंतर जिथे पाणी, तिथेच उन्हाळ्यात गाळपेर. भिगवणला रोहित पक्षी उथळ पाण्यात उतरतो; पाणी सरकलं की त्याची जागाही सरकते. ती जमीन शेत की तलाव? महिना सांगा, मग उत्तर देऊ.

पण सावध राहा. आकडा धूसर असला तरी तो ठरवणारा माणूस असतो. किती गवत म्हणजे 0.8, हे कचेरीत बसून ठरलं तर जुनीच रेघ नव्या कपड्यात येईल. म्हणून मागणी तीन गोष्टींची. गुण ठरवताना शेतकरी आणि मेंढपाळ समोर बसावा. नकाशा गावात लावावा, त्यावर हरकत घेता यावी. आणि जिथे आकडा मोठा तिथे बंदीच्या आधी मोबदला यावा. लांडग्याने मेंढरू नेलं तर भरपाईसाठी खेटे नकोत.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा: कोणता प्राणी, कोणत्या महिन्यात, कोणत्या माळावर, पूर्वी किती आणि आता किती. आपल्या माळाची आणेवारी आपणच लावू.