यादीत नाव नसते तेव्हा

(शिक्षक, पंचायत सदस्य व पालक यांच्या तालुका मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



जून-जुलै हे महिने जसे पेरणीचे, तसेच प्रवेशाचे. घरातील वडीलधारी माणसे आभाळाकडे पाहत असतात आणि सतरा-अठरा वर्षांची मुले मोबाईलच्या पडद्यावर निवड यादीतील आपले नाव शोधीत असतात. ज्याला हवे ते महाविद्यालय मिळते त्याच्या घरी पेढे येतात. ज्याला मिळत नाही त्याच्या घरी त्या रात्री काय घडते, याची दखल गाव सहसा घेत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यवार क्रमात महाराष्ट्र सर्वांत वर होता. या सर्वच मृत्यूंमागे परीक्षा वा प्रवेश हे कारण होते असे नव्हे. तथापि, यादीत नाव नसणे ही किरकोळ बाब समजून तिच्याकडे दुर्लक्ष करणे किती धोक्याचे आहे, हे उमगण्यास एवढा आकडा पुरेसा आहे.

प्रथम थोडा हिशेब पाहणे इष्ट ठरेल. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस 2024 साली देशभरात 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. म्हणजे वीस-एकवीस मुलांमागे एक जागा. उरलेल्या वीस मुलांना ‘नापास’ समजणे हे गणितालाही धरून नाही, न्यायालाही नाही. जागा थोड्या होत्या, एवढेच सत्य. पालकांनी हे सत्य निकालापूर्वीच मुलासमोर मांडलेले असावे. निकालानंतर तेच बोलणे मुलाच्या कानी केवळ समजूत काढल्यासारखे पडते.

निकालाच्या दिवशी घरात सर्वाधिक इजा होते ती तुलनेने. “शेजारच्या मुलीला मिळाले, तुला का नाही?” हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात राग नसतोही, बहुधा काळजीच असते. पण मुलाच्या मनात तो वर्षानुवर्षे राहतो. क्लासच्या फीसाठी काढलेल्या कर्जाचा उल्लेखही त्या दिवशी टाळावा. कर्ज खरे आहे, त्याची वाच्यता कधीतरी व्हावयाचीच. पण त्या रात्री नव्हे. उलट फार सांत्वनही मुलाला नकोसे होते. जेवणाची वेळ झाली की पानावर बोलवावे, रडू आले तर रडू द्यावे, आणि पुढे काय, हा विषय दोन दिवसांनी काढावा. आजी-आजोबा हे काम आईवडिलांपेक्षा पुष्कळदा चांगले करतात, हा अनेक घरांचा अनुभव आहे.

येथे ग्रामपंचायतींविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. गुणवंतांचे फलक चौकात झळकविण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. टक्केवारीनिशी छायाचित्रे लावलेल्या त्या फलकाखालून ज्यांचे छायाचित्र त्यावर नाही ती मुले रोज जातात. सत्कार जरूर करावा. पण दहावी-बारावीच्या सर्व मुलांना एकत्र बोलावून केलेला सत्कार अधिक शोभेल आणि खर्चही कमी येईल.

दोन दिवसांनंतर कामाचा भाग सुरू होतो आणि त्यात शिक्षकाचे स्थान मोठे आहे. पहिल्या फेरीत नाव आले नाही म्हणजे प्रवेशच गेला, असा गैरसमज ग्रामीण भागात अद्याप आढळतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत अनेक फेऱ्या असतात. इतरत्र प्रवेश मिळालेली मुले जागा सोडतात आणि त्या पुढील फेरीत खुल्या होतात. मात्र पसंतीक्रमात दोन-तीनच नामांकित महाविद्यालये भरलेल्या मुलाच्या हाती काही लागत नाही. अकरावीची प्रवेश प्रक्रिया 2025-26 पासून राज्यभर ऑनलाईन झाल्याने हे भान आता शहरापुरते राहिलेले नाही.

वाटाही अनेक आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेणाऱ्यास पुढे अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. राज्यात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे पदवी अभ्यासक्रम शेतकऱ्याच्या मुलाने कमी लेखावेत, असे काहीही कारण नाही. मुलींच्या बाबतीत तर, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. ही माहिती आजही पुष्कळ घरांत पोहोचलेली नाही.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी काय, हा प्रश्न सर्वांत अवघड. ‘नीट’ कितीही वेळा देता येते. ‘जेईई अ‍ॅडव्हान्स्ड’ लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. निर्णय मुलाचा असावा आणि तो निकालाच्या आठवड्यात घेऊ नये. ज्याला अभ्यास आवडतो पण वेळ कमी पडला, त्याने थांबण्यात अर्थ आहे. केवळ बापाची इच्छा म्हणून थांबलेल्या मुलाचे ते वर्ष फार जड जाते.

मूल जेवेनासे झाले, झोप उडाली, मित्र टाळू लागले, ‘माझा काय उपयोग’ अशी भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. विचार मनात येतात काय, हे शांतपणे थेट विचारावे. विचारल्याने विचार बळावतात ही समजूत चुकीची आहे. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या आणि पंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा.

शेवटी महसूल व पंचायत कर्मचाऱ्यांसाठी. जागा मिळूनही प्रवेश हुकतो तो कित्येकदा जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा उत्पन्नाच्या दाखल्यापायी. मुलगा पात्र असतो, कागद अपुरा असतो, आणि हे दुःख गुण कमी पडण्याहून मोठे असते. म्हणून बारावीच्या मुलांच्या दाखल्यांची शिबिरे दिवाळीच्या सुमारासच शाळेत घ्यावीत. फेरीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते, तेव्हा गावातील सेवा केंद्र त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवावे.