रणगाड्याच्या पाठीशी उभे असलेले बळ



प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात रणगाडे पुढे सरकतात, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट होतो. पण युद्धात सारेच रणगाडे धावत राहत नाहीत. कुणाची साखळी तुटते, कुणी सुरुंगावर जातो, कुणी चिखलात रुततो. त्यांचे पुढे काय होते, यावर अनेकदा दुसऱ्या दिवसाची लढाई ठरते.

नोव्हेंबर १९४१ मध्ये लिबियाच्या वाळवंटात याचा प्रत्यय आला. तोब्रुकचा वेढा फोडण्यास निघालेल्या ब्रिटिश सैन्यात अमेरिकन बनावटीचे हलके ‘स्टुअर्ट’ रणगाडे होते. याच मोहिमेत भारताची चौथी डिव्हिजनही लढत होती. स्टुअर्ट वेगवान आणि भरवशाचा. सैनिक त्याला लाडाने ‘हनी’ म्हणत. जर्मनांचे बळ मात्र निराळे होते. अंधार पडताच त्यांची पथके अवजड ओढगाड्या घेऊन रणभूमीवर उतरत आणि निकामी रणगाडे दुरुस्तीसाठी मागे नेत. ज्याच्या ताब्यात रणभूमी, त्यालाच हे साधे. अखेर वेढा उठला. पण दुरुस्तीची विखुरलेली कामे एका दलाकडे सोपविण्याचे काम ब्रिटिशांनी १९४२ मध्ये केले. १९४३ मध्ये भारतीय सेनेतही असे दल उभे राहिले. आजच्या ईएमई कोरचे ब्रीद आहे, ‘कर्म ही धर्म’.

रणगाडा काढणारी चिलखती गाडी बहुधा रणगाड्याच्याच सांगाड्यावर बांधलेली असते. तोफेऐवजी तिच्याकडे विंच, पोलादी दोर आणि यारी असते. पुढचे पाते जमिनीत रोवून ती स्वतःला घट्ट करते. दोर रुतलेल्या रणगाड्यावरील कप्पीतून परत आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा. ताणलेला दोर तुटला तर प्राणघातक ठरतो. म्हणून माणसे दूर उभी केली जातात. हलका रणगाडा दुसरा रणगाडाही ओढू शकेल. पण मग लढणारा एक रणगाडा आघाडीवरून कमी होतो.

जून २०२४ मध्ये लडाखमध्ये श्योक नदीचे पाणी अकस्मात चढले. टी-७२ रणगाडा अडकला, बचावपथकांना प्रवाहापुढे यश आले नाही आणि पाच जवान हुतात्मा झाले. पुढच्याच महिन्यात सुमारे २५ टनी ‘झोरावर’ हा स्वदेशी हलका रणगाडा हजिरा येथे देशासमोर आला. तो ओढण्यास सोपा, हे खरे. परंतु विरळ हवेत ओढणाऱ्या गाडीच्या इंजिनाचाही जोर घटतो. म्हणून किती रणगाडे घेतले, हे विचारताना त्यांच्यामागे किती ओढगाड्या आणि किती प्रशिक्षित हात उभे आहेत, हेही नागरिकांनी विचारले पाहिजे. आत बसलेल्या जवानाच्या घरच्यांचा तो हक्क आहे.