परवानगी मागायची, पण वाकून नाही

(मुदखेड येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

सकाळपासून गाणी झाली, ओळखी झाल्या, आणि आता जेवणानंतर मला विषय दिला आहे, 'सभेची परवानगी कशी काढायची?' विषय कोरडा आहे. झोप आली तर मी रागावणार नाही. पण ज्या बाईला उद्या अर्ज घेऊन ठाण्याची पायरी चढायची आहे, तिच्या पोटात आत्तापासून गोळा आला असेल. मी तिच्यासाठी बोलणार आहे.

आधी एक सांगा. आज इथे येण्यासाठी घरी कुणाकुणाला विचारावं लागलं? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळ्यांचेच हात वर आहेत. नवऱ्याला विचारलं, सासूला विचारलं, एकीनं तर दिराला विचारलं. म्हणजे परवानगी मागण्यात आपण तरबेज आहोत. लहानपणापासून तेच करत आलो. त्यामुळे होतं काय, की पोलीस ठाण्यातही आपण तशाच जातो. पदर सावरत, आवाज बारीक करून, 'साहेब, तेवढं जमेल का?' म्हणत. घरातली परवानगी आणि ठाण्यातली परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मनात पक्कं करू या.

आपल्या मराठवाड्याला तर हे जास्तच कळायला हवं. आपले आजी-आजोबा निजामाच्या राज्यात राहिले. तिथे सभा घ्यायची म्हणजे सरकारची आगाऊ परवानगी. 'गश्ती निशाण त्रेपन्न' नावाचा हुकूम होता, जुन्या माणसांना तो आकड्यानं पाठ होता. राज्यात राजकीय परिषद भरवता येईना, म्हणून हैदराबाद संस्थानातल्या लोकांनी आपल्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरवल्या. १९२३ साली काकीनाड्याला, पुढे मुंबईला, पुण्याला, आणि १९३१ साली अकोल्याला. स्वतःच्या गावाचं दुःख सांगायला दुसऱ्याच्या गावी जायचं! महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला झालं ते १९३७ साली. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली, आणि लोक सत्याग्रह करून तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. तेव्हा सभा घेण्याचा हक्क आपल्याला कुणी ओटीत घातलेला नाही, त्यासाठी आपल्याच भागातल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत.

नंतर घटना आली. तिच्या १९ व्या कलमात लिहिलं आहे की शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. त्यावर सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, हेही तिथेच लिहिलं आहे. आता सगळी ओढाताण या 'वाजवी' शब्दावर आहे.

त्याचा एक खटला सांगते. १९६९ साली अहमदाबादेत एका कार्यकर्त्यानं रस्त्यावर सभा घ्यायला परवानगी मागितली, ती नाकारली गेली. कायदा कोणता? आपलाच, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा. त्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९७२ मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं, की रहदारीसाठी, सुव्यवस्थेसाठी आधी परवानगी घ्यायला लावणं चूक नाही. पण परवानगी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा आणि कोणत्या कारणानं नाकारायची हे न सांगणारा नियम चालणार नाही. तो नियमच रद्द झाला. साध्या भाषेत सांगायचं तर पोलिसांनी सभेला वळण लावावं, वेळ ठरवावी, रस्ता सांगावा. मनाला येईल तसं 'नाही' म्हणू नये.

आता आमचीच गोष्ट सांगते. गावाचं नाव घेत नाही, कुणाला दुखवायचं नाही. वस्तीत दारूचं दुकान होतं. २००८ पासून आपल्या राज्यात नियम आहे, की पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं तर दुकान बंद होतं. नीट ऐका, एकूण मतदारांपैकी. मत द्यायला आलेल्यांपैकी नव्हे. जी बाई घरी बसली तिचं मत दुकानदाराच्या खात्यात गेलं म्हणून समजा. त्यामुळे दारोदार फिरून भागत नव्हतं. चौकात सभा हवी होती, म्हणजे एकीला दुसरी दिसेल आणि धीर येईल.

आम्ही तिघी अर्ज घेऊन गेलो. जमादारांनी वर न पाहता विचारलं, "संगं पुरुष माणूस कोण हाय?" आम्ही म्हटलं, कुणी नाही. "मग जबाबदार कोण?" आम्ही म्हटलं, आम्हीच. "तसं नसतंय बाई. नवऱ्याला घेऊन या, त्याची सही घेऊ." आणि आम्ही परत आलो! मुकाट्यानं. मी तेव्हा दहा वर्षं संघटनेत होते, भाषणं करत होते, तरी परत आले. रात्री झोप लागली नाही. घटनेत 'नागरिक' लिहिलं आहे, 'नागरिकाचा नवरा' लिहिलेलं नाही, एवढं वाक्य मला त्या टेबलापुढे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठक घेतली. प्रश्न आला, अर्जावर सही कुणाची? सही म्हणजे नाव. नाव म्हणजे उद्या शिपाई घरी चौकशीला येणार. शेजारी विचारणार, दीर तणतणणार. एक विधवा बाई होती, तिचं घरच दिराच्या नावावर. ती म्हणाली, "माय, मला सभेला बोलवा, कागदावर नका घेऊ." तिचं खरं होतं. मग ठरलं, एकीनं कुणी पुढे व्हायचं नाही, अकरा जणींनी सह्या करायच्या. चौघींचे अंगठे होते. प्रत्येकीनं स्वतःचं नाव लिहायचं, 'अमक्याची बायको' असं नाही. आणि शेवटी ती विधवा बाई उठली, आणि बारावी सही तिची झाली.

परत गेलो तेव्हा बाराही जणी गेलो. या वेळी 'जमेल का' म्हटलं नाही. "अर्ज आवक करून पोच द्या" म्हटलं. शिक्का मिळाला.

पण सगळं यश सांगून तुमची फसवणूक करणार नाही. ती सभा त्या दिवशी झालीच नाही, आणि चूक आमची होती. सभेची परवानगी काढली, माईकची वेगळी लागते हे ध्यानात आलं नाही. मार्च महिना, दहावीची परीक्षा, शंभर पावलांवर शाळा. माईक बंद केला. दीडशे बाया, आणि ऐकू कुणालाच येईना. बाया उठून गेल्या. आठ दिवसांनी वस्तीपलीकडच्या मैदानात, संध्याकाळी, पुन्हा घेतली. म्हणून आता यादी सांगते, लिहून घ्या.

पहिलं, जागा. जागा कुणाची आहे ते बघा. नगर परिषदेची असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र, भाडं भरलं तर पावती. शाळेची असेल तर संस्थेचं पत्र. तोंडी 'घ्या की ताई' यावर विसंबू नका. जागा हा फार जुना डाव आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांच्या परिषदेला सवर्णांपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. मनुस्मृती जाळली गेली ती त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला. तो दिवस आपण स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो, त्या दिवसाच्या पोटात एका जागेची गोष्ट आहे हे विसरू नका.

दुसरं, पोलीस ठाण्याचा अर्ज. निदान आठ-दहा दिवस आधी. त्यात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, ठिकाण, विषय, अंदाजे किती बाया, बोलणाऱ्या कोण, जबाबदार कोण. मोर्चा असेल तर कुठून कुठे, कोणत्या रस्त्यानं. आपल्या स्वयंसेविका किती आणि त्यांची खूण काय, हेही लिहा. दोन प्रती करा. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं धरा.

तिसरं, माईक. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर माईक नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. आठ मार्च परीक्षांच्या दिवसांतच येतो, म्हणून जागा आणि वेळ आधीच त्या हिशेबानं धरा.

चौथं, 'जमावबंदी'. हा शब्द ऐकून बाया घाबरतात. "सदतीस लागू आहे, सभा होणार नाही," असं सांगतात. पोलीस कायद्याचं ३७ वं कलम आहे. त्यातल्या तिसऱ्या पोटकलमाखाली सभा-मिरवणुकीवर बंदी घालता येते, पण सरकारच्या मंजुरीशिवाय ती पंधरा दिवसांपुढे चालत नाही. पूर्वीचं १४४ कलम होतं, जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ कलम झालं. तो आदेश साधारणपणे दोन महिन्यांपुढे जात नाही. तेव्हा कुणी 'बंदी आहे' म्हटलं, तर आदेशाची प्रत मागा आणि वाचा. पुष्कळदा त्यात 'पूर्वपरवानगीशिवाय' सभा घेऊ नये असं असतं. आणि आपण तर परवानगीच मागायला आलेलो असतो!

पाचवं, नकार. तोंडी नकार घ्यायचा नाही. "साहेब, कारणासह लेखी द्या." एवढं एक वाक्य पाठ करा. लेखी नकार हातात असला तर वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, कोर्टातही जाता येतं. हे काही मुंबई-दिल्लीपुरतं नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावला २०२० मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्ध ईदगाह मैदानावर धरणं धरायला परवानगी नाकारली होती, ३७ कलमाच्या आदेशाचं कारण देऊन. माणसं औरंगाबादच्या खंडपीठात गेली. १३ फेब्रुवारी २०२० ला हायकोर्टानं ते आदेश रद्द केले. एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून कुणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, असं कोर्टानं स्पष्ट म्हटलं. मराठवाड्यातला निकाल आहे, ध्यानात ठेवा.

दुसरी बाजूही सांगते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शाहीनबागेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. आपल्याला पटो न पटो, निकाल माहीत हवा. आपल्या मोर्चात दवाखान्याची गाडी अडकली तर तीत कुणाची तरी बाळंतीण असते.

आणि एक, पोलीस ताब्यात घेतील या भीतीबद्दल. अगदी अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. हे घरच्यांनाही सांगून ठेवा, त्यांची अर्धी भीती जाते.

काही मैत्रिणी विचारतात, हक्क आहे तर अर्ज तरी का करायचा? प्रश्न चांगला आहे. कधी अर्ज न करताही रस्त्यावर उतरावं लागतं. कुणाची लेक जाळली गेली त्या दिवशी आठ दिवस आधी अर्ज कसा देणार? तेव्हा जायचं, आणि होईल ते सोसायचं. पण ठरवून घेतलेल्या सभेला अर्ज करावा असं माझं मत आहे. कारण पहिल्यांदा येणारी बाई विचारते, "काही होणार नाही ना?" तिला दाखवायला तो शिक्क्याचा कागद लागतो. घरच्यांपुढे तोच कागद तिची ढाल होतो.

कागदानं सगळं होतं असंही नाही. बोंढार हवेली इथून लांब नाही. जून २०२३ मध्ये तिथे एका दलित तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंतीची मिरवणूक निघाली याचा राग होता, असं फिर्यादीत म्हटलं होतं. मिरवणूक निघते, बंदोबस्त उठतो, आणि शेजारी तिथेच असतात. म्हणून सभा संपल्यावर आपलं काम संपत नाही. सही करणाऱ्या बाईच्या घरी दुसऱ्या दिवशी चक्कर टाकायची, आठ दिवसांनी पुन्हा टाकायची. तिच्यावर काय गुदरलं ते विचारायचं. हे कुठल्याच नियमात नाही, ते आपलं आपणच करायचं आहे.

आमच्या त्या बाराव्या सहीच्या बाईला दिरानं खरंच बोल लावले. आम्ही सहा जणी जाऊन तिच्या ओट्यावर बसलो. भांडलो नाही, चहा मागितला. दीर बाहेर निघून गेला. त्या दिवशी ती म्हणाली, "एवढ्या बाया माझ्या दारात पहिल्यांदाच आल्या."

आता तुमची सभा. चहा झाला की गटात बसू आणि अर्जाचा मसुदा इथेच लिहू. उद्यावर ढकलायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतील, बाकीच्या लिहितील. सही मात्र प्रत्येकीनं आपापली करायची.